कर्ज फेडायचे आपण, मग होकार कुणाचा?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आहे. तिथल्या एका निवडणुकीत तिच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर आणखी एक प्रश्न छापलेला होता. गावात नवे अग्निशमन केंद्र आणि वाचनालयाची इमारत बांधण्यासाठी कर्जरोखे काढावेत का? हो की नाही? आमच्या जळगावात एवढी कर्जे निघाली आणि बुडाली, पण मला आजवर असे कुणी विचारलेले नाही. हा हक्क आपल्याला का नसावा? (निवृत्त शिक्षक, जळगाव)

उत्तर : तुमच्या मुलीने पाहिले ते तिथे नेहमीचेच आहे. सार्वजनिक इमारतीसाठी मोठे कर्ज काढायचे आणि ते घरपट्टीतून फेडायचे ठरले, तर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आधी मतदारांचा होकार घ्यावा लागतो. सिअ‍ॅटल शहराने १९९८ मध्ये नागरिकांपुढे ग्रंथालयांसाठी १९ कोटी ६४ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव ठेवला. लोकांनी तो मान्य केला. त्या पैशातून शहरभरच्या शाखा नव्या झाल्या आणि २००४ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत उघडली. सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपाचा धोका मोठा आहे. तिथल्या मतदारांनी अग्निशमन आणि पोलिसांच्या इमारती भक्कम करण्यासाठी २०१०, २०१४ आणि २०२० अशी तीन वेळा कर्जाला मंजुरी दिली.

विचारले म्हणजे लोक हो म्हणतीलच असे नाही. कॅलिफोर्नियात अशा स्थानिक कर्जाला दोनतृतीयांश मते लागतात. ही अट ५५ टक्क्यांवर आणावी, असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांपुढे आला, तोही त्यांनी फेटाळला. म्हणजे कर्जाला हात आखडता घेणारा मतदार तिथेही आहे. फरक एवढाच की त्याच्यासमोर हिशेब मांडावा लागतो. कॅलिफोर्नियात मतदाराला आधीच लेखी कळवावे लागते की हे कर्ज काढले तर मालमत्तेच्या दर एक लाख डॉलर मूल्यामागे अंदाजे किती कर वाढेल.

आपल्याकडे हा हक्क नाही. महापालिकेने कर्ज काढावे की नाही, यावर महाराष्ट्रातला मतदार थेट मत देऊ शकत नाही. तशी तरतूद कायद्यात नाही.

प्रश्न : मग आपल्याकडे कर्जाचा निर्णय नेमका कोण घेतो?

उत्तर : कर्जाची वाट दोन कायद्यांतून जाते. एक इंग्रजांच्या काळातला, १९१४ चा स्थानिक प्राधिकरण कर्ज कायदा आणि दुसरा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. महापालिकेला कर्ज हवे असेल तर सभागृहात त्यासाठी ठराव होतो आणि राज्य शासनाची मंजुरी घेतली जाते. मग हुडको (केंद्राचे गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ), बँक, एखादी वित्तसंस्था किंवा रोखेबाजार पैसे देतो. नगरसेवक हात वर करतात, मंत्रालयात शिक्का उमटतो आणि पुढची वीस वर्षे हप्ता मिळकतधारकाच्या घरपट्टीतून जातो.

नगरसेवक आपण निवडून दिलेले असतात, तेव्हा त्यांचा होकार हा आपलाच होकार, असे यावर उत्तर दिले जाते. प्रातिनिधिक लोकशाहीत त्याला अर्थ आहे. पण आपल्या दोन्ही शहरांत नुकतेच काय घडले ते आठवा. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये स्थापन झाल्या. दोन्हींच्या सभागृहांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक असताना सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे जातात. प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्या काळात आपल्या वतीने हात वर करणाराही कुणी उरत नाही. नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी दारात यावे लागते. प्रशासकाची बदली होते.

प्रश्न : हुडकोच्या कर्जाने जळगावची जी अवस्था केली, ती लोकांना विचारले असते तर टळली असती का? (एक गृहिणी, जळगाव)

उत्तर : सबंध टळली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण विचारण्याची सक्ती असती तर काही प्रश्न वेळेवर पुढे आले असते, याची मला खात्री आहे.

जळगाव नगरपालिका असतानाच घरकुले आणि इतर मोठ्या बांधकामांसाठी हुडकोकडून कर्जे घेतली गेली. गोरगरिबांना हक्काचे घर, हा हेतू चांगलाच होता. हजारो घरे बांधायची योजना होती, प्रत्यक्षात त्यांतला थोडाच भाग पूर्ण झाला. जागा पालिकेच्या ताब्यात पुरती आली नव्हती, आवश्यक परवानग्या मिळाल्या नव्हत्या आणि तरीही ठेकेदाराला कोट्यवधींची बिनव्याजी उचल दिली गेली, असे आरोप झाले. २००६ मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. दोषी ठरलेल्यांत तेव्हाचे नगरसेवकही होते. त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली. फौजदारी बाजू न्यायालये पाहतील. आपण कर्जाची बाजू पाहू.

ती बाजू अशी की घर मिळो न मिळो, व्याज थांबत नाही. हुडकोची थकबाकी फुगत गेली, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले, महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली. शेवटी राज्य शासनाने मध्ये पडून तडजोडीचा मार्ग काढला. मधल्या वर्षांत ज्या पैशाने रस्ते दुरुस्त झाले असते, गटारी झाल्या असत्या, अग्निशमन दलाला नवा बंब मिळाला असता, तो पैसा जुन्या हप्त्यांत जात राहिला. हे कर्ज काढले तेव्हा जी मुले शाळेत होती, ती आज घरपट्टी भरतात. आपण कशाचे पैसे भरतो आहोत, हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसेल.

आता असे समजा की त्या वेळी प्रत्येक मतदाराच्या हातात एका पानाची माहिती पडली असती. जागा कुठली, सातबारा कुणाच्या नावावर, खर्च किती, व्याज किती, हप्ता किती वर्षे, आपल्या घरपट्टीवर बोजा किती. सातबारा वाचता येणारी माणसे खान्देशात गल्लोगल्ली आहेत. ‘जागा ताब्यात आहे का?’ एवढा एक प्रश्न चार चौकांत विचारला गेला असता, तरी ठेकेदाराला उचल देणाऱ्यांना थबकावे लागले असते. मतदानाचा मोठा उपयोग हाच. मतदान घ्यायचे म्हटले की हिशेब आधी उघड करावा लागतो.

प्रश्न : समजा आम्हाला विचारलेच, तर तो हिशेब कसा दिसेल? सामान्य माणसाला तो कळेल का?

उत्तर : नक्की कळेल. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. शहरात एक नवे अग्निशमन केंद्र आणि त्याला लागून वाचनालय व अभ्यासिकेची इमारत बांधायची आहे. खर्च १० कोटी रुपये. कर्ज ८ टक्के व्याजाने, २० वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे. वर्षाचा हप्ता येतो साधारण १ कोटी २ लाख. वीस वर्षांत आपण परत करतो सुमारे २० कोटी ३७ लाख. म्हणजे १० कोटींच्या इमारतीची किंमत दुपटीहून थोडी जास्त पडते.

शहरात एक लाख मिळकती आहेत असे धरा. सगळ्यांनी समान वाटा उचलला, तर एका मिळकतीवर वर्षाला १०२ रुपये येतात. महिन्याला साडेआठ रुपये. पण शंभरांतले साठच जण कर भरतात अशी वसुली असेल, तर भरणाऱ्यांवरचा बोजा १७० रुपयांपर्यंत चढतो.

एवढे आकडे समोर ठेवले, तर भाजी विकणारी बाईसुद्धा ठरवू शकेल की घराजवळ बंब लवकर पोहोचावा आणि मुलाला अभ्यासाला जागा मिळावी, यासाठी वर्षाला एवढे पैसे द्यायला आपण तयार आहोत की नाही. आपल्याकडे कर्जाची चर्चा ‘अमुक कोटींचा निधी आणला’ या भाषेत होते. निधी आणला म्हणजे कुणीतरी दिला, असे लोकांना वाटते. कर्ज कुणी देत नाही, ते आपल्यालाच फेडायचे असते.

प्रश्न : पुणे महापालिकेने कर्जरोखे काढल्याचे वाचले होते. धुळे महापालिका काढू शकेल का? (एक लेखापाल, धुळे)

उत्तर : कायद्याने काढू शकते. व्यवहारात आज अवघड आहे.

भारतात महापालिकांच्या रोख्यांची सुरुवात बंगळुरूने १९९७ मध्ये केली. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्य शासनाची हमी न घेता १०० कोटी उभे केले. त्यानंतर महाराष्ट्रात नाशिक आणि नागपूर यांनीही हा मार्ग धरला. पुढे बरीच वर्षे तो थंडावला. २०१५ मध्ये सेबीने महापालिकांच्या रोख्यांसाठी स्वतंत्र नियम केले आणि जून २०१७ मध्ये पुण्याने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडनेही २०० कोटी उभारले. त्याच वर्षी इंदूरने सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी रोखे खुले केले आणि त्यांना मोठा प्रतिसाद मिळाला.

रोखे घेणारा माणूस महापालिकेच्या वह्या तपासतो. लेखापरीक्षण वेळेवर झाले आहे का, आधीचे कर्ज थकले होते का, मत्तेपेक्षा देणे जास्त आहे का, पतमानांकन काय, हप्त्यासाठी वेगळे खाते राखले आहे का, हे सगळे त्याला पाहायचे असते. धुळे आणि जळगावसारख्या शहरांची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) हाही गेला. आता शासनाकडून येणारी भरपाई आणि मिळकत कर हाच मुख्य आधार. वसुली कमकुवत आणि ताळेबंद मागे पडलेला असेल, तर बाजार रोखे घेत नाही, किंवा जास्त व्याज मागतो.

आणखी एक अडचण आहे. पाणीयोजनेला पाणीपट्टी येते, बाजार संकुलाला भाडे येते. अग्निशमन केंद्र आणि वाचनालय यांतून उत्पन्न येत नाही. त्यांचा फायदा असा की माणूस मरता मरता वाचतो, मुलगी स्पर्धा परीक्षा पास होते. हा फायदा ताळेबंदात दिसत नाही. म्हणून अशा इमारतींना करदात्याच्या स्वखुशीच्या होकाराशिवाय दुसरा भक्कम आधार नाही.

पुण्याचा अनुभवही ध्यानात ठेवावा. पैसे हातात आले तरी योजनेचे काम रेंगाळले आणि व्याज मात्र चालू झाले, अशी टीका तिथे झाली. कर्ज काढण्याआधी जागा, आराखडा आणि निविदा तयार नसेल, तर रोखे कितीही झळाळते असोत, शहराचे नुकसानच होते.

प्रश्न : पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र आणि वाचनालय ही तीन वेगवेगळी कामे. यांतले महापालिकेचे कुठले?

उत्तर : हे समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण चुकीच्या दारात उभे राहून आपण वर्षे वाया घालवतो.

पोलीस हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय. ठाण्याची इमारत आणि पोलिसांची घरे राज्याच्या निधीतून होतात आणि त्यासाठी राज्याचे पोलीस गृहनिर्माण महामंडळ आहे. त्याची मागणी आमदाराकडे आणि गृह खात्याकडे करावी.

अग्निशमन मात्र महापालिकेचे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि महानगरपालिका अधिनियमात ते बंधनकारक कर्तव्य आहे. अनेक महापालिकांच्या मिळकत कराच्या बिलात अग्निशमन कराची वेगळी ओळही असते. आपले बिल काढून पाहा. त्या ओळीखाली शहरभरातून वर्षाला किती रक्कम जमते आणि त्यांतली दलावर किती खर्च होते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतींवर अग्निसेवा शुल्क घेण्याची सोयही केली आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. म्हणजे या कामाला पैशाचे तीन झरे आहेत, कर्ज हा त्यानंतरचा उपाय.

आणि या कामाची निकड खान्देशाला कुणी सांगायला नको. ज्या दिवशी धुळ्यात घरकुल खटल्याचा निकाल लागला, त्याच दिवशी, ३१ ऑगस्ट २०१९ ला, शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट होऊन डझनभराहून अधिक माणसे मेली. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळे आगीत गेली. आग लागल्यावरची पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. शहर चारी बाजूंनी वाढते आणि बंब जुन्याच जागेवरून निघतो, तेव्हा ही मिनिटे गर्दीच्या रस्त्यात संपतात. त्यासाठी नव्या वस्त्यांच्या बाजूला केंद्र हवे.

वाचनालयाची गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी आहे. महानगरपालिका अधिनियमात ते ऐच्छिक कर्तव्य आहे, म्हणजे जमले तर करा. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ग्रंथालयांना स्वतंत्र ओळ आहे. शहरांच्या बाराव्या अनुसूचीत ती नाही, तिथे सांस्कृतिक व शैक्षणिक कार्याचा मोघम उल्लेख तेवढा आहे.

प्रश्न : मग खान्देशातली एवढी जुनी वाचनालये चालली कशावर? आणि वाचनालयासाठी कर का नाही? (एका वाचनालयाच्या ग्रंथपाल, अमळनेर तालुका)

उत्तर : ती लोकांच्या वर्गणीवर, देणगीवर आणि कार्यकर्त्यांच्या चिकाटीवर चालली. जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ चे. धुळ्याला गरुड वाचनालय आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेली कागदपत्रे सांभाळण्यासाठी शहराने पुढच्याच वर्षी संशोधन मंडळ उभे केले. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा करून वाग्देवता मंदिरात जपली. तुमच्या अमळनेरला प्रताप तत्त्वज्ञान मंदिर आहे, साने गुरुजींच्या नावाचे ग्रंथालय आहे, १९५२ आणि २०२४ अशी दोन साहित्य संमेलने तिथे झाली. या मातीने ग्रंथांसाठी पैसा आणि वेळ दोन्ही दिले आहेत. लोकांनी न विचारता इतके दिले, ते विचारल्यावर नाही म्हणतील असे मानायला आधार नाही.

कराचे म्हणाल तर महाराष्ट्राने तो मार्ग घेतलाच नाही. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला, म्हणजे सुरुवात मराठी मुलखातच झाली. १९४८ मध्ये मद्रास प्रांताने ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रेरणेने कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. पुढे आंध्र, कर्नाटक, केरळ याच वाटेने गेले. गोव्याच्या १९९३ च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी मद्यावर अधिभाराची तरतूद केली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. शासनाने मान्य संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान द्यावे, अशी रचना आहे. तिच्यामुळे राज्यात बारा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, हे या कायद्याचे मोठे श्रेय. पण अनुदान पगारात आणि पुस्तकांत संपते. इमारतीसाठी संस्थेला राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या अर्थसाहाय्याची, आमदार-खासदार निधीची किंवा देणगीदाराची वाट पाहावी लागते.

उपकर हा रामबाण नव्हे. कर्नाटकात महापालिका उपकर गोळा करतात आणि ग्रंथालयांकडे वेळेवर वळता करत नाहीत, अशी तक्रार वर्षानुवर्षे आहे. तरी उपकराची एक जमेची बाजू आहे. पैसा कुठल्या कामासाठी घेतला ते बिलावर छापलेले असते, म्हणून तो मागता येतो.

आज जळगाव-धुळ्यात पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची, एमपीएससीची तयारी करणारी मुले भाड्याच्या अभ्यासिकांत महिन्याला पैसे मोजून बसतात. ज्यांच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसे, त्यांच्यासाठी वाचनालयाची शांत खुर्ची ही चैन नसते. शहराने ती देणे हे रस्त्याइतकेच मूलभूत काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मतदारांना थेट विचारण्याची पद्धत आपल्या लोकांना झेपेल का? आपल्याकडे असे कधी झाले आहे का?

उत्तर : झाले आहे आणि बायकांनी ते करून दाखवले आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन दिले, तर प्रशासन सह्यांची पडताळणी करते आणि गुप्त मतदान घेते. बंदी हवी त्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, नको त्यांनी उभ्या बाटलीवर. नुसत्या झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. इतकी कडक अट असूनही अनेक गावांनी ती पार केली आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनाही एका चित्रावर आपला निर्णय सांगता आला.

दुसरे उदाहरण रायगडचे. २१ सप्टेंबर २००८ ला पेण परिसरातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. शेतकरी रांगा लावून आले.

गावात ग्रामसभा आहे. तिच्यापुढे विकास आराखडा ठेवावा लागतो, तिथे उठून प्रश्न विचारता येतो. म्हणजे अमळनेर तालुक्यातल्या खेड्याला जो हक्क आहे, तो पावणेपाच लाखांकडे झुकलेल्या जळगावला आणि पावणेचार लाखांच्या धुळ्याला नाही. (हे आकडे २०११ च्या जनगणनेचे.) तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे राज्यघटना सांगते. शहरात क्षेत्रसभा भराव्यात, यासाठी राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती झाली. ती दुरुस्ती अजून बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे.

आपल्या लोकांना झेपेल का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो’ असे आहे. प्रश्न सोपा हवा, आकडे खरे हवेत आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हवी.

प्रश्न : कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आम्ही काय करावे?

उत्तर : पाच गोष्टी आजपासून करता येतील.

पहिली, वेळ साधा. महापालिकेने पुढच्या वर्षाचे कराचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि त्याच सुमारास अंदाजपत्रक येते. मागणी जूनमध्ये केली तर ती पुढच्या वर्षावर जाते. अग्निशमन आणि वाचनालयाचे निवेदन डिसेंबरमध्येच द्या.

दुसरी, माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती महापालिकेने स्वतःहून जाहीर करायची आहे. शहराच्या डोक्यावर आज एकूण कर्ज किती, कुणाचे, व्याज किती, शेवटचा हप्ता कोणत्या साली, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तर वाचनालयाच्या फलकावर लावा.

तिसरी, नगरसेवकाकडून शब्द घ्या. कर्जाचा कोणताही ठराव सभागृहात येण्याच्या तीस दिवस आधी जागेची कागदपत्रे, खर्च, हप्ता आणि मिळकतीमागचा बोजा मराठीत जाहीर करू, असे त्याने लिहून द्यावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, इच्छा लागते.

चौथी, क्षेत्रसभा मागा. ती भरत नसेल तर आपल्या प्रभागात वाचनालयाच्या किंवा शाळेच्या सभागृहात नागरिकांची सभा भरवा, प्रस्तावावर हात वर करून मत घ्या आणि त्याचे इतिवृत्त आयुक्तांना द्या. त्याला कायद्याचे बळ नाही, पण ज्या ठरावाच्या फाइलमध्ये पाचशे नागरिकांचे लेखी मत जोडलेले असते, तो ठराव डोळे झाकून मंजूर करणे कुणालाही जड जाते.

पाचवी, आपली घरपट्टी वेळेवर भरा. थकबाकी ठेवून हिशेब मागणाऱ्याचा आवाज सभागृहात पोहोचत नाही आणि वसुली सुधारल्याशिवाय शहराला स्वस्त व्याजाने कर्ज मिळत नाही.

कर्ज वाईट नाही. पन्नास वर्षे टिकणारे अग्निशमन केंद्र किंवा वाचनालय पुढच्या पिढीलाही उपयोगी पडणार असेल, तर त्याचा खर्च वीस वर्षांत विभागणे न्याय्य आहे. वाईट आहे ते न विचारता, न सांगता काढलेले कर्ज. जळगावने त्याची किंमत दोन दशके मोजली. म्हणून राज्याने कायदा करावा की ठरावीक रकमेवरच्या कोणत्याही कर्जाआधी महापालिकेने प्रभागवार मतदान घ्यावे आणि निकाल ठरावाला जोडावा. तो कायदा येईपर्यंत, या वर्षीच्या अंदाजपत्रकाआधी आपल्या नगरसेवकाला गाठा आणि एवढेच विचारा : शहरावर कर्ज किती आहे आणि पुढचे काढण्याआधी आम्हाला विचारणार का?